बाळाचं पोट नाजूक आहे म्हणून पेज पातळ करू नका

पहिल्या भेटीला येताना बाळाचं रोजचं खाणं डब्यात घालून आणा, असं मी आईवडिलांना फोनवरच सांगून ठेवते. तोंडी विचारलं तर 'खिचडी खातो' एवढंच उत्तर येतं. डबा उघडला की खरं काय ते कळतं. मागच्या पावसाळ्यात एक आजी नातवाला घेऊन आल्या. अकरा महिन्यांचं बाळ, वजन साडेसहा किलो. "पोट फार नाजूक हो त्याचं, काही म्हणजे काही सोसत नाही," असं म्हणत त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. मी त्यातली खिचडी चमच्यात घेतली आणि चमचा तिरका केला. सगळी खिचडी पाण्यासारखी वाहून गेली. चमच्याच्या तळाशी मुगाच्या डाळीची दोन दलं तेवढी राहिली.

आठव्या महिन्यात बाळाला जुलाब झाले, तेव्हा आजींनी खिचडी पातळ केली. पुढच्या महिन्यात पुन्हा जुलाब झाले, म्हणून ती आणखी पातळ केली आणि तूप बंद केलं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून केळं बंद, दही बंद, अंडं तर दिलंच नव्हतं. यातली प्रत्येक गोष्ट मायेपोटी झाली होती. पण तीन महिन्यांत त्या लेकराच्या वाटीत पाणी, मीठ आणि थोडा स्टार्च एवढंच उरलं. वजन थांबलं, अंगातली ताकद गेली, की आतड्याचं अस्तरही दुबळं होतं. मग पुढचा जुलाब लवकर होतो आणि जास्त दिवस टिकतो. म्हणजे पोट नाजूक म्हणून खाणं कमी केलं, आणि खाणं कमी झालं म्हणून पोट जास्तच नाजूक झालं.

हे चक्र मी इतक्या घरांत पाहिलं आहे की आता पहिल्या भेटीत दुसरं काही सांगण्याआधी हेच सांगते: बाळाला मऊ द्या, पातळ देऊ नका. मऊ आणि पातळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भात बोटांनी चुरला की लोणी झाला पाहिजे, तो मऊपणा. त्यात वाटीभर पाणी ओतलं तर तो पचायला हलका होत नाही. पचवायचा भात तेवढाच राहतो, फक्त प्रत्येक घासातली ताकद निम्मी होते.

यामागचा हिशोब साधा आहे. लहान बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिलिलिटर मावतं. आठ किलोच्या बाळाला म्हणजे २४० मिलिलिटर, एक मोठी वाटी. ती पाण्याने भरली तर बाळ तोंड फिरवणार आणि घरचे म्हणणार, 'खातच नाही'. आईच्या दुधात १०० मिलिलिटरमागे ६५ ते ७० किलोकॅलरी असतात. वरणाचं वरवरचं पाणी त्याच्या आसपासही पोहोचत नाही. म्हणजे आईचं दूध बाजूला ठेवून वरणाचं पाणी पाजलं तर बाळाचं नुकसानच होतं. आईचं दूध चालू असेल तर सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून रोज साधारण २०० किलोकॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर दोन वर्षांपर्यंत ५५०. हे आकडे पाठ करण्याची गरज नाही. घट्टपणा पाहायला चमचा पुरतो: तिरका केला तरी अन्न चमच्याला धरून राहिलं पाहिजे.

पोट खरोखर हळवं असेल, बाळ आजारातून उठलं असेल, घट्ट घास त्याला ढकलता येत नसेल, तर एक जुना आणि फार चांगला उपाय आहे: मोड आणलेल्या धान्याचं पीठ. आपल्याकडच्या नाचणी सत्त्वामागे तेच शहाणपण आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी या पिठाचा लहान मुलांच्या आहारासाठी अभ्यास केला. धान्याला मोड येताना त्यात एक पाचकद्रव्य तयार होतं, ते स्टार्च फोडतं. घरी करून पाहा. नाचणी किंवा गहू रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून दीड-दोन दिवस मोड येऊ द्या, वाळवा, मंद आचेवर अगदी हलकं परता आणि दळा. खमंग भाजाल तर पाचकद्रव्य मरेल, मग पीठ चवीला छान लागेल पण काम करणार नाही. आता बाळाची घट्ट पेज शिजवा, गॅस बंद करा, उकळी शांत झाली की हे पीठ अर्धा चमचा घालून ढवळा. पाचेक मिनिटांत डोळ्यांदेखत ती घट्ट पेज सैल होऊन वाहू लागते, पाण्याचा थेंब न घालता. मग एक उकळी आणून कोमट झाल्यावर भरवा. वाटी तीच, ताकद दुप्पट धान्याची. फक्त ज्वारीला मोड आणून हे पीठ करू नका. कोवळी ज्वारी खाऊन जनावरांना विषबाधा होते हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे, तोच घटक ज्वारीच्या कोंबांत असतो.

रोजच्यासाठी आपलं खिमट उत्तम. दोन भाग तांदूळ, एक भाग मुगाची डाळ, धुऊन वाळवून भाजून रवाळ दळायची. दोन मोठे चमचे खिमटाला पाऊण ते एक वाटी पाणी, मंद आचेवर शिजवून वरून चमचाभर तूप. त्या एका लहान चमच्यात ४५ किलोकॅलरी आहेत आणि बहुतेक बाळांना ते पचतं, जुलाबातसुद्धा. तूप, तेल, शेंगदाण्याचं बारीक कूट, तिळाचं कूट, अंडं, दही यांनी घास ताकदवान होतो. पोटाचं दुखणं आलं की घरात पहिल्यांदा हेच पदार्थ बंद होतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. सबंध शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं मात्र पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. आणि मध वर्षाच्या आत अजिबात नको, जन्मल्याबरोबर जिभेवर चाटवायला सोन्याच्या अंगठीने घेतलेला थेंबसुद्धा नको. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंना तोंड देण्याइतकं बाळाचं आतडं तयार नसतं. सहा महिन्यांच्या आत तर आईच्या दुधाशिवाय काहीच नको, गुटी नाही, ग्राइप वॉटर नाही, पाणीही नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध तेवढं अपवाद.

जुलाब लागले असताना

जुलाबात पोटाला आराम हवा म्हणून उपाशी ठेवण्याची पद्धत अजून पुरती गेलेली नाही. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सतत नव्याने तयार होत असतात आणि त्यांना खुराक थेट अन्नातून मिळतो. उपाशी आतडं उशिरा सुधारतं. म्हणून आईचं दूध चालूच ठेवा, उलट जास्त वेळा पाजा. वरचं अन्न खाणाऱ्या बाळाला गुरगुट्या भात आणि दही, मुगाची घट्ट खिचडी तूप घालून, कुस्करलेलं केळं, उकडलेला बटाटा, नाचणीची खीर, असं दर दोन-तीन तासांनी चार-चार घास द्या. कच्चं केळं उकडून कुस्करून भातात मिसळलं तर रेंगाळलेल्या जुलाबात त्याचा उपयोग होतो. बांगलादेशात मुलांवर त्याचा अभ्यास झालेला आहे. द्यायचं नाही ते असं: फळांचा डबाबंद रस, कोल्ड्रिंक, ग्लुकोजचं पाणी, साखरेचा चहा. जास्त साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढवते.

भूक कमी असते हे खरं. पण जुलाब थांबले की भूक सपाटून लागते आणि त्या वेळी हात आखडता घ्यायचा नाही. पुढचे दोन आठवडे रोज एक खाणं जास्तीचं. आजारात गेलेलं वजन भरून काढायची संधी तेव्हाच मिळते, आणि नेमके तेव्हाच आपण 'आत्ताच बरा झालाय, जपून' म्हणत राहतो.

आता ओआरएसबद्दल. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर मीठ-साखरेचं पाणी पाजून कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले, तेव्हापासून या पाण्याने जगभर असंख्य मुलं वाचवली आहेत. पण ते बरोबर कालवलं तरच. मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, एकदमच, सगळं. छोटं पाकीट २०० मिलिलिटरला, पाकिटावर वाचा. मोठं पाकीट उघडून चिमूट-चिमूट पेल्यात टाकून पाजणारी घरं मी पाहिली आहेत. त्यात कधी मीठ जास्त होतं, कधी पाणी, आणि दोन्ही घातक. कालवलेलं पाणी २४ तासांनी फेकून द्या. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर, मोठ्याला १०० ते २००, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा, आणखी हळू.

दुकानात ओआरएससारखं नाव लावलेले गोड डबे मिळत आले आहेत. त्यांत साखर कितीतरी जास्त असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांवर ओआरएस हा शब्द वापरायला देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. तरी घेताना पाकिटावरची घडण पाहा: एक लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम. आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे हे पाकीट फुकट मिळतं. सोबत झिंकच्या गोळ्या मिळतात, त्या १४ दिवस द्यायच्या: सहा महिन्यांखाली रोज १० मिलिग्रॅम, वर २० मिलिग्रॅम, चमचाभर दुधात किंवा पाण्यात विरघळवून. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी १४ दिवस पुरे करायचे. बहुतेक घरांत त्या चौथ्या दिवशी बंद होतात.

जुलाब बरे होत आले, पण दूध प्यायलं की फेसाळ, आंबूस वासाची शी आणि ढुंगण लालभडक, असं दिसलं तर दुधातली साखर तात्पुरती पचत नाहीये. बहुतेक मुलांत हे आपोआप बरं होतं. तोवर नुसत्या दुधाऐवजी दही-भात, किंवा थोडंसं दूध नाचणीच्या खिरीत घालून. कायमचं दूध तोडण्याची ही वेळ नव्हे. शीत रक्ताच्या रेषा, अंगावर चट्टे, वजन न वाढणं हे मात्र वेगळं दुखणं. ती दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असू शकते आणि तिथे डॉक्टरच हवेत. अशा वेळी लोक शेळीच्या दुधाकडे वळतात. त्यातली प्रथिनं गायीच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती आहेत की ॲलर्जी तशीच राहते, वर त्यात फोलेट कमी, म्हणून रक्त कमी होण्याची भीती.

शी होत नाही, ती होऊ देत नाही

बद्धकोष्ठाबद्दल मी जरा जास्त सांगणार आहे, कारण इथे आईवडील सगळ्यात जास्त थकतात आणि सगळ्यात उशिरा येतात.

दोन-अडीच वर्षांचं मूल पडद्यामागे जाऊन उभं राहतं. पाय एकमेकांत घट्ट अडकवलेले, चेहरा लाल, टाचा उचललेल्या. घरचे म्हणतात, 'बिचारा किती कुंथतो.' नीट पाहा. ते मूल शी बाहेर काढायला जोर लावत नसतं, ती अडवायला जोर लावत असतं. कधीतरी खडा झाला, दुखलं, फाटलं, आणि त्याच्या मनाने ठरवलं की आता ही होऊच द्यायची नाही. अडवलेली शी आतच राहून आणखी वाळते, पुढच्या वेळी आणखी दुखतं. काही दिवसांनी त्या गोळ्याच्या कडेने पातळ शी चड्डीत झिरपू लागते आणि घरात वाटतं, जुलाब लागले. मग फळं बंद, भाजी बंद, पेज पातळ. म्हणजे जे हवं त्याच्या बरोबर उलट.

इथपर्यंत आलेलं मूल फक्त मनुकांनी बरं होत नाही, हे मला स्पष्ट सांगू द्या. आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने शी मऊ करणारं औषध, तेही आठवड्यात सोडायचं नाही, बऱ्याचदा काही महिने चालतं. 'सवय लागेल' या भीतीने ते अर्धवट सोडणं हेच पुन्हापुन्हा त्रास होण्याचं मोठं कारण आहे. साबणाची कांडी, तेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ, एरंडेल, यातलं काही करू नका. मुलाच्या मनातली भीती त्याने दुप्पट होते.

औषधाच्या जोडीला ताट बदलायचं. पहिला प्रश्न: दूध किती? वर्षानंतरच्या मुलाला दिवसाला ४००-५०० मिलिलिटर भरपूर झालं. लिटरभर दूध, बाटलीने, झोपेत, आणि मधल्या वेळी बिस्किटं, असा दिनक्रम असेल तर बद्धकोष्ठ आणि रक्ताची कमतरता एकाच घरात हातात हात घालून येतात. दुधात लोह जवळजवळ नसतं आणि पोट दुधाने भरलं की जेवणाला जागा नसते. दूध कमी केलं की पहिले तीन-चार दिवस मूल रडतं, मग जेवायला लागतं. त्या तीन-चार दिवसांत आजी-आजोबांनी आईच्या बाजूने उभं राहावं, ही माझी हात जोडून विनंती.

दुसरं, पीठ. चाळून काढलेल्या कोंड्यात तंतू जातात. बद्धकोष्ठाच्या मुलाला वस्त्रगाळ सत्त्व नको, न चाळलेल्या नाचणीची पेज हवी. ज्वारीची ताजी भाकरी वरणात किंवा ताकात कुस्करून केलेला काला हा या वयाचा सर्वोत्तम घास आहे. त्यात लाल माठ किंवा पालक बारीक चिरून शिजवून घाला. फळांत पिकलेली पपई, बिया काढलेला पेरू, पेअर, चिकू. सात-आठ काळ्या मनुका रात्री भिजवून सकाळी कुस्करून, त्याच पाण्यासकट. केळ्याने शी घट्ट होते म्हणून ते बंद केलेलं असतं, पण नीट पिकलेलं, सालीवर ठिपके पडलेलं केळं बहुतेक मुलांना चालतं. हिरवट केळ्याची गोष्ट वेगळी. आणि तंतू वाढवाल तसं पाणीही वाढवा, नाहीतर खडा अधिकच मोठा होतो.

तिसरं, बसणं. जेवणानंतर आतडं आपोआप हलतं, म्हणून सकाळी आणि रात्री खाल्ल्यावर पाच-दहा मिनिटं बसवा. कमोड असेल तर पाय लटकते ठेवू नका, खाली पाट द्या, गुडघे वर यायला हवेत. शी झाली नाही तरी रागावू नका. बसलं, एवढ्याचंच कौतुक करा.

गहू नको म्हणजे काय काय नको

गव्हाने पोट बिघडणारी मुलं थोडी आहेत, पण जी आहेत त्यांचं निदान उशिरा होतं. सिलिॲक या आजारात गहू आणि जवातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याचं अस्तर झिजतं. गहू सुरू झाल्यावर काही महिन्यांनी पोट पुढे येतं, हातपाय काटक्या होतात, शी सैल आणि घाण वासाची, लोहाचं औषध देऊनही रक्त वाढत नाही. उंचीच खुंटली आणि बाकी काही नाही, असंही होतं. शंका आली तर रक्ताची तपासणी करून घ्या, पण ती होईपर्यंत गहू बंद करू नका. आधी बंद केला तर तपासणी फसवी येते आणि आयुष्यभराचं पथ्य खरंच लागणार की नाही ते ठरवताच येत नाही.

निदान पक्कं झालं तर मराठी घराला घाबरण्याचं कारण कमी. भात, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, राजगिरा, मका, साबुदाणा, सगळं चालतं. पोळीच्या जागी भाकरी आली, एवढाच वरवरचा बदल. खरी फसगत होते ती डब्यांत. रवा, शेवया, दलिया, मैदा हे सगळे गव्हाचेच, हे लक्षात येतं. पण सातूच्या पिठात गहू असतो, मेतकुटात गहू असतो, थालीपिठाच्या बऱ्याच भाजण्यांत गहू असतो, आणि बांधणीच्या हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. पथ्य काटेकोर पाळूनही मुलाचं वजन वाढत नव्हतं अशा एका घरात आम्ही दोघी, बाळाची आई आणि मी, स्वयंपाकघरातला एकेक डबा उघडत बसलो. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरांत गव्हाचं पीठ लिहिलेलं सापडलं, आणि रोजच्या वरणाची फोडणी त्याच हिंगाची होती.

गिरणीचं तर कुणी लक्षातच घेत नाही. गव्हामागोमाग त्याच जात्यात ज्वारी टाकली की पहिलं किलोभर पीठ मिश्रच येतं. गिरणीवाल्याला विनंती करून सकाळी गिरणी झाडल्यावर पहिलं दळण आपलं लावा, त्याआधी मूठभर तांदूळ दळून घ्या. जमत असेल तर घरगुती गिरणी फक्त या मुलासाठी ठेवा. पोळपाट, तवा आणि पीठ चाळायची चाळणी वेगळी.

गिळायलाच त्रास असेल तर

काही बाळांचं पोट ठीक असतं, अडचण तोंडात आणि घशात असते. सेरेब्रल पाल्सी, टाळूला फट, डाउन सिंड्रोम, फार अपुऱ्या दिवसांचा जन्म. दर घासाला ठसका लागणं, खाल्ल्यावर आवाज ओला-घरघरता होणं, एका जेवणाला पाऊण तास लागणं, वारंवार छातीत कफ होणं, ही खुणावणारी लक्षणं. अशा मुलाला पातळ अन्न सर्वांत अवघड जातं. पाणी तोंडात धरता येत नाही, गिळायची तयारी व्हायच्या आत ते घशात उतरतं आणि श्वासनलिकेत शिरतं. दह्याच्या कवडीसारखा, एकसंध, गुठळ्या नसलेला घास त्याला झेपतो. भात-ताक नको, कारण त्यात दाणे आणि पाणी वेगवेगळे होतात. भात-दही घोटून द्या.

पायावर आडवं घेऊन, मान मागे टाकून, बोंडल्याने किंवा चमच्याने घशात ओतण्याची पद्धत या मुलांसाठी जिवावरची आहे. बाळ उभं बसलेलं हवं, पाठीला आधार, पायाखाली टेकू, हनुवटी किंचित खाली. चपटा चमचा खालच्या ओठावर टेकवा आणि थांबा, ओठ मिटून ते स्वतः घेईल. पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. गिळण्याचे उपचार स्पीच थेरपिस्ट करतात हे पुष्कळांना माहीत नसतं, बोलणं शिकवणारे एवढीच त्यांची ओळख असते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, आणि २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्ह्याच्या ठिकाणी अशा मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. तिथे मोफत तपासणी होते.

निरोगी बाळालाही आपण कधीकधी गिळण्याचा त्रास लावून देतो. वर्ष झालं तरी मिक्सरमधून काढलेलंच भरवत राहिलो तर चावायचं वय निघून जातं. नवव्या-दहाव्या महिन्यापर्यंत घासात मऊ गुठळ्या यायलाच हव्यात, दात असोत-नसोत, हिरड्यांनी चावता येतं. मिक्सर बाजूला ठेवा, काट्याने चुरा. हातात मऊ उकडलेल्या गाजराचा, लाल भोपळ्याचा तुकडा द्या. सांडू दे.

आणि खातच नाही म्हणून मोबाइल दाखवून, हात धरून, नाक दाबून भरवू नका. काय, कधी आणि कुठे द्यायचं ते आपण ठरवावं, किती खायचं ते मुलाला ठरवू द्यावं. नवी चव मुलाच्या अंगवळणी पडायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा पुढे करावी लागते, आपण तिसऱ्याच वेळी 'याला आवडत नाही' असा शिक्का मारतो. भूक एकदम गेली असेल तर रक्त तपासून घ्या. वर्षानंतर जंताचं औषध शासनाच्या मोहिमेत अंगणवाडीत मिळतं, ते चुकवू नका.

त्या आजींचा नातू पुढे सात आठवड्यांनी आला. मी कुठलंही टॉनिक दिलं नव्हतं. खिमट चमच्यात ठरेल इतकं घट्ट, प्रत्येक वाटीत चमचाभर तूप, मोडाचं पीठ अर्धा चमचा, रोज अर्धं अंडं आणि दिवसातून पाच वेळा थोडं थोडं. वजन ७ किलो ३०० ग्रॅम भरलं. मधे एकदा जुलाब झाले, तेव्हा आजींनी या वेळी पातळ न करता तेच अन्न कमी-कमी, पण जास्त वेळा दिलं.

आता मी सांगितलेलं सगळं बाजूला ठेवून ताबडतोब दवाखान्यात जायचं ते कधी, तेवढं लक्षात ठेवा. उलटी हिरवी झाली तर. शीत रक्त आलं तर. पोट फुगून टणक झालं आणि शी-वारा बंद झाला तर. डोळे खोल गेले, रडताना अश्रू येईनात, सहा-आठ तास लघवी झाली नाही, बाळ मरगळून पडलं, तर. नवजात बाळाने पहिली काळी शी ४८ तासांत केली नाही, किंवा कावीळ असताना शी पांढुरकी झाली, तर. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत असेल तर, तो अंगणवाडीताईंकडच्या पट्टीने सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कुणालाही मोजून मिळतो, आणि मोजायला एक मिनिट पुरतं. यातलं काहीही दिसलं तर घरचा उपाय करून पाहत रात्र काढू नका. जाताना वाटेत चमच्याने ओआरएस पाजत राहा, पण हिरवी उलटी किंवा फुगलेलं पोट असेल तर तोंडाने काहीही न देता निघा.